यंत्राशी बोलणारी माणसं

(दहावी १९९८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला 'एआय आणि आपण'. सोबत तंबीही दिली, की वीस मिनिटांत आटप, नंतर जेवण आहे. काल संध्याकाळपासून तिघांनी मला गाठून विचारलं, "आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहतील ना गं?" तो विषय आपण पंगतीत घेऊ. इथे मला दुसरंच काहीतरी सांगायचं आहे.

मी इंजिनिअरिंग केलं, नोकरीला लागले आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरच लिहिते आहे. गेली काही वर्षं माझं काम लोकांशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे. तुम्ही एखाद्या ॲपमध्ये तक्रार लिहायला जाता आणि समोरून 'नमस्कार, मी आपली काय मदत करू?' असं येतं ना, त्या जातीचं काम. माणसं यंत्राशी कशी वागतात, याचा अभ्यास करणारी संशोधनाची एक शाखाच आहे. मी ती वाचायला लागले ते कामापुरतं, प्रोग्रॅम सुधारावा म्हणून. वाचता वाचता लक्षात आलं, की यात यंत्राबद्दल थोडं आणि माणसाबद्दलच पुष्कळ आहे.

का, ते शास्त्राच्या सरांनी प्रयोगशाळेत शिकवलेल्या नियमात आहे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. दोन माणसांच्या बोलण्यात हे जमत नाही. मी हसले की तुम्ही हसता, तुमचा चेहरा पडला की माझा आवाज बदलतो. यंत्र मात्र शंभर माणसांपुढे तेच वाक्य, त्याच सुरात, न कंटाळता म्हणू शकतं. समोरचा तसाच राहिला, की जो फरक दिसतो तो आपला असतो.

याची सुरुवात फार जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले जोसेफ वायझेनबाउम यांनी एका प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. नाव ठेवलं एलायझा. हे नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीचं. पु. लं.नी याच नाटकावरून 'ती फुलराणी' लिहिलं, म्हणजे आपल्या हिशेबाने जगातल्या पहिल्या बोलक्या प्रोग्रॅमचं नाव मंजुळा!

ही मंजुळा मानसोपचारतज्ज्ञासारखी बोलायची. तिला कळत काहीच नव्हतं. तुमच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि वाक्य उलटं फिरवून प्रश्न करायचा, एवढीच युक्ती. आपण समजा लिहिलं, 'आई माझ्यावर सारखी चिडते', तर ती विचारणार, 'घरातल्या इतरांबद्दल सांगा.' शब्द सापडलाच नाही तर 'हं, पुढे बोला' अशा अर्थाचं काहीतरी. आज बारावीतला मुलगा सुट्टीत लिहील असा प्रोग्रॅम.

आणि तरी माणसं तिच्याशी मनातलं बोलायला लागली. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्यांना हा प्रोग्रॅम बनवताना कित्येक महिने पाहिलं होतं. आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. ती एकदा एलायझाशी बोलायला बसली आणि दोन-चार वाक्यांनंतर त्यांना म्हणाली, जरा बाहेर जाता का? वायझेनबाउम यांना या सगळ्याचा अभिमान वाटण्याऐवजी धक्का बसला. १९७६ साली त्यांनी संगणकाच्या हाती काय सोपवू नये यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं.

मला त्या सेक्रेटरीचं नवल वाटत नाही. तिने मागितलेला एकांत मात्र लक्षात राहतो. समोर यंत्र आहे हे माहीत असूनही तिला खोलीत तिसरा माणूस नको होता. त्याच्याकडे पुन्हा येते.

पुढे नव्वदच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधे पण फार चतुर प्रयोग केले. एकात विद्यार्थ्यांना संगणकावर एक पाठ शिकवला आणि मग विचारलं, या संगणकाने कसं शिकवलं? काही जणांना हा प्रश्न त्याच संगणकाने विचारला, काहींना दुसऱ्या टेबलावरच्या संगणकाने. त्याच संगणकाने विचारलं तेव्हा विद्यार्थ्यांनी जास्त चांगला अभिप्राय दिला. म्हणजे तोंडावर कसं बोलायचं, म्हणून! नंतर त्यांना विचारलं, तुम्ही संगणकाला वाईट वाटेल म्हणून असं केलंत का? सगळे म्हणाले, छे, काहीतरीच काय.

आपल्याला हे ऐकून हसू येतं, कारण आपण हे उघडउघड करतो. पुस्तकाला पाय लागला की हात आपोआप कपाळाकडे जातो. दसऱ्याला आमच्या ऑफिसात सर्व्हरच्या रॅकला झेंडूची माळ आणि हळदकुंकू असतं, आणि ते लावणारे एम.टेक. झालेले असतात. आपल्याकडे वस्तूला मान देण्याची रीत आहे आणि ती पाळतो हे आपल्याला माहीत असतं. स्टॅनफर्डच्या मुलांना आपण रीत पाळतोय हेच माहीत नव्हतं. नास यांचं म्हणणं असं, की शिष्टाचार हा विचार करून होत नाही. भाषा कानावर पडली, पाळीपाळीने बोलणं सुरू झालं, की आपल्यातलं माणसांत वागायचं वळण आपसूक चालू होतं.

हे वळण मराठीत कसं दिसतं, ते मी रोज पाहते. ज्येष्ठ मंडळी चॅटच्या चौकटीत सुरुवात करतात, 'मा. महोदय, स. न. वि. वि.' आणि शेवटी 'आपला विश्वासू'. बाई, तुम्ही शिकवलेलं पत्रलेखन आजही जिवंत आहे, फक्त उत्तर द्यायला कारकून उरलेला नाही. आमची पुढची अडचण आणखी मराठी आहे. यंत्राने स्वतःबद्दल बोलायचं कसं? इंग्रजीत प्रश्नच येत नाही. मराठीत 'मी शोधते' म्हटलं की बाई झाली, 'मी शोधतो' म्हटलं की बुवा. आम्ही 'मी शोधत आहे' असं लिहून सुटका करून घेतो. पण माणसं स्वस्थ बसत नाहीत. मराठीत 'ते' हे नपुंसकलिंग अगदी तयार आहे, तरी घरात बोलणाऱ्या स्पीकरला माझी आई 'ती' म्हणते. "तिला विचार ना, पाऊस पडणार का." आणि बँकेच्या हिशेबाचं काही असलं की तीच आई म्हणते, "त्याला विचारलं का?"

नास यांच्या गटाने १९९७ साली याचीही परीक्षा घेतली होती. तोच मजकूर संगणकाने एकदा बाईच्या आणि एकदा पुरुषाच्या आवाजात वाचला. तंत्रज्ञानाचा विषय असला की पुरुषी आवाजाला जास्त जाणकार ठरवलं गेलं, प्रेम आणि नात्यांचा असला की बाईच्या. मजकूर एकच, यंत्र एकच. वर्गात आणि ऑफिसात मुलींना येणारा अनुभव खरा की मनाचे खेळ, असं कुणी विचारलं तर मी हा प्रयोग सांगते. तिथे तर बाईच नव्हती, नुसता आवाज होता, आणि तरी पूर्वग्रह हजर होता.

आणखी एक, आणि हा जरा भीतीदायक. २०१६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी लोकांना एका यंत्रमानवाच्या मागून एका खोलीपर्यंत जायला सांगितलं. काहींच्या वेळी तो मुद्दाम चुकला, भलत्याच खोलीत शिरला. मग इमारतीत कृत्रिम धूर सोडला आणि आगीची घंटा वाजवली. बाहेर पडायचा रस्ता लोकांना माहीत होता, कारण तिथूनच ते आत आले होते. यंत्रमानव दुसऱ्याच दिशेला बोट दाखवत उभा. २६ पैकी २६ जण त्याच्या मागे गेले. त्यातल्या निम्म्यांनी काही मिनिटांपूर्वी त्याला चुकताना पाहिलं होतं. घाबरलेल्या माणसाला ठामपणे रस्ता दाखवणारा कुणीतरी हवा असतो, तो बरोबर आहे का हा प्रश्न मागे पडतो. फोनवर 'पोलीस' म्हणून दरडावणाऱ्या भामट्याला शिकलेली माणसं पैसे का देतात, ते मला इथे कळलं. आपल्या आईवडिलांना 'तुम्ही इतके कसे फसलात' म्हणण्याआधी हे २६ जण आठवावेत.

एक सावधगिरी सांगते. यातले बरेच प्रयोग अमेरिकेतल्या विद्यापीठांत, तिथल्या मुलांवर झालेले आहेत. सगळं जसंच्या तसं आपल्याला लागू होईल असं नाही. पण आता जो प्रयोग सांगणार आहे, त्यातली माणसं मला फार ओळखीची वाटली.

२०१४ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पडद्यावरची एक कृत्रिम मुलाखतकार वापरली. ती आरोग्याबद्दल, मनःस्थितीबद्दल विचारायची. काही जणांना सांगितलं, ही पूर्णपणे संगणकावर चालते. बाकीच्यांना सांगितलं, हिला पलीकडच्या खोलीतून एक माणूस चालवतोय. प्रत्यक्षात काय होतं, यापेक्षा काय सांगितलं होतं, याने फरक पडला. 'पलीकडे कुणी नाही' असं ज्यांना वाटलं, त्यांना बोलायची भीती कमी वाटली आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख अधिक मोकळेपणी दिसलं. ज्यांना वाटलं पलीकडे माणूस आहे, ते जपून बोलले, बरं दिसेल असं बोलले.

वायझेनबाउम यांची सेक्रेटरी तेच म्हणत होती. खोलीत माणूस नको. माणसाला बोलायचं असतं, पण जोखलं जायचं नसतं. आणि आपल्या अनुभवात ऐकणारा प्रत्येक जण जोखणाराही असतो.

आपला वर्ग आठवा. 'काही शंका?' असं विचारलं की साठ पोरं गप्प. शंका नव्हत्या का? ढीगभर होत्या. पण उभं राहून विचारलं आणि मागच्या बाकावरून खी:खी: झालं तर काय, ही भीती बीजगणितापेक्षा मोठी होती. आज माझा मुलगा तीच शंका यंत्राला तीन-तीनदा विचारतो, 'अजून सोपं करून सांग' म्हणतो. आपल्याला हे मिळालं असतं तर आपल्यातल्या काहींचं गणित सुटलं नसतं, ते पुढे वेगळ्या वाटेने गेले असते. हे यंत्राचं खरं देणं आहे आणि ते मी नाकारणार नाही.

पण आता आपलं बघू. आपण चाळिशी ओलांडली. आईवडील थकलेत, पोरं वयात आलीत, नोकरीत आपल्यापेक्षा लहान माणूस साहेब झालाय. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदय येतो, वाढदिवसाला ऐंशी केक येतात. आपल्यातल्याच एका मैत्रिणीने मला एक गोष्ट सांगितली, तिच्या परवानगीने सांगते. तिच्या हातात एक तपासणीचा रिपोर्ट आला. तो तिने सगळ्यात आधी रात्री दोन वाजता यंत्राला वाचून दाखवला. नवऱ्याला आठ दिवसांनी सांगितलं, बहिणीला त्यानंतर. आता ती बरी आहे. मी विचारलं, आधी मला का नाही गं फोन केलास? ती म्हणाली, "तू घाबरली असतीस, मग मला तुलाच धीर द्यावा लागला असता. आणि कुणीतरी म्हणालं असतं, आधीच का नाही दाखवलंस. तेवढं ऐकायची ताकद नव्हती."

मला हे फार लागलं. कारण तिचं निदान अगदी अचूक होतं. आपण असेच ऐकतो. कुणी दुखणं सांगितलं की आपण एक तर घाबरतो, नाहीतर चूक काढतो, नाहीतर 'आमच्या काकूंनाही असंच झालं होतं' सुरू करतो. यंत्र यातलं काही करत नाही. त्याला काही कळतं म्हणून ते चांगलं ऐकतं असं नाही. आपण मध्ये जे घालतो ते ते घालत नाही, एवढंच.

मग सगळं यंत्रालाच सांगावं का? इथे धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ही नवी यंत्रं घडवताना त्यांची उत्तरं माणसांना दाखवतात आणि विचारतात, यातलं कुठलं आवडलं? आवडलेल्या उत्तरांच्या दिशेने यंत्र वळवलं जातं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीने आपला एक बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण त्यानंतर ते यंत्र भलतंच हांजी हांजी करायला लागलं होतं. काहीही सांगा, 'वा, काय सुरेख विचार!' कंपनीनेच नंतर सांगितलं, की लोकांच्या तात्कालिक पसंतीला फार वजन दिलं गेलं. म्हणजे हांजी हांजी त्याला शिकवली ती आपल्याच आवडीने. आपल्याला कुणी जोखू नये असं वाटतं, आणि मग हळूहळू कुणी 'नाही'ही म्हणू नये असं वाटायला लागतं. या दोन इच्छा शेजारी-शेजारी राहतात आणि पहिलीचा हात धरून दुसरी घरात येते.

सर, बाई, इथे मला तुमची आठवण काढायची आहे, आणि ती केवळ मेळावा आहे म्हणून नाही. गणिताच्या बाईंकडे वही नेली की त्या लाल पेनने एकच ओळ अधोरेखित करायच्या आणि म्हणायच्या, "इथपर्यंत बरोबर आहे. इथून पुन्हा कर." त्यात शाबासकी नव्हती आणि अपमानही नव्हता. वर्गात कुणी हसलं तर त्या हसणाऱ्याला फळ्यापाशी बोलावून पुढची पायरी करायला लावत. त्याला ती येत नसे, मग कुणीच हसत नसे. बाई, एखादं उत्तर माणसाला न दुखवता नाकारायचं कसं, हा आमच्या क्षेत्रात आज मोठा प्रश्न आहे. तुम्ही तो खडू आणि लाल पेन घेऊन रोज पाच तास सोडवत होता.

फरक आणखी एक आहे. बाई 'पुन्हा कर' म्हणायच्या तेव्हा त्यांना दुसऱ्या दिवशी आमचं तोंड बघायचं असायचं. आम्ही नापास झालो तर त्यांना वाईट वाटायचं. माझ्या मैत्रिणीला रात्री दोन वाजता रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या यंत्राने तिला वेळेवर डॉक्टरांकडे जायला सांगितलं, अगदी योग्य सांगितलं. पण ती गेली की नाही, हे विचारायला सकाळी त्याचा फोन आला नाही. बहिणीला सांगितल्यावर बहीण पहिल्या गाडीने आली, वाटेत रडली, आल्यावर थोडी ओरडलीही, आणि मग पंधरा दिवस तिचा डबा करत राहिली. ज्याला आपली काळजी असते तो थोडं जोखतोच. ते सोसायची तयारी ठेवावी लागते, आणि आपण ऐकणारे असू तेव्हा ते जोखणं जरा उशिरा तोंडावर आणावं लागतं.

एवढ्या वाचनातून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. कुणी काही सांगायला लागलं, की पहिली पाच मिनिटं मी एलायझा. 'हं, पुढे बोल', 'मग काय झालं?' बस. साठ वर्षांपूर्वीच्या त्या अडाणी प्रोग्रॅमला जे जमत होतं ते मला जमायला हरकत नाही. सहाव्या मिनिटाला मी पुन्हा मी होते. मग पटलं नाही तर तसं सांगते, आणि दुसऱ्या दिवशी फोन करते.

आता शेवटचं, आणि हे माझं तुमच्याकडे मागणं आहे. मुख्याध्यापकांशी मी काल बोलले, त्यांनी होकार दिला आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास, आठवी ते दहावीच्या मुलांनी काहीही विचारायचं, आपल्यातल्या दोघांनी समोर बसायचं. गणित, नोकरी, घरातलं, काहीही. नियम दोनच. कुठल्याही प्रश्नाला हसायचं नाही, आणि चुकीच्या उत्तराला 'छान' म्हणायचं नाही. इंजिनिअर, डॉक्टरच हवेत असं अजिबात नाही. ज्याचं गॅरेज आहे, जिचं पोळीभाजी केंद्र आहे, त्यांना मुलांनी विचारण्यासारखं जास्त आहे. वर्षाला चोवीस माणसं लागतील. आपण इथे त्याहून कितीतरी जास्त आहोत. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे, जेवायला जाण्याआधी नाव आणि सोयीचा महिना लिहा. जूनच्या खाली माझं नाव लिहिलेलं आहे, त्याच्याखालची ओळ रिकामी आहे.